कोठार भरलेले, कुलूप लागलेले

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील आश्रमशाळा असो वा मंचर-नारायणगावचे अनुदानित विद्यालय, सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्याला एक निळी गोळी ठरलेली आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गोळी योग्यच आहे. आक्षेप आहे तो तिच्याबरोबर सांगितल्या जाणाऱ्या विज्ञानाला : ‘रक्त कमी म्हणजे लोह कमी, लोह घ्या, रक्त वाढेल.’ हे अर्धेच सत्य झाले.

उरलेले अर्धे असे. आपल्याप्रमाणे रोगजंतूंनाही वाढीसाठी लोह लागते. म्हणून संसर्ग होताच शरीर लोह दडवून ठेवते. भक्षक पेशी ‘इंटरल्यूकिन-६’ हे प्रथिन सोडतात. त्याचा संदेश मिळताच यकृत ‘हेप्सिडिन’ हा अवघ्या २५ अमिनो आम्लांचा रेणू तयार करते. पेशीतून लोह बाहेर पडण्याचा दरवाजा म्हणजे ‘फेरोपोर्टिन’. हेप्सिडिन त्याला चिकटले की तो पेशीत ओढला जाऊन नष्ट होतो, हे २००४ साली उलगडले. मग अन्नातील लोह आतड्याच्या पेशींतच राहते. जुन्या तांबड्या पेशी मोडून रोज मिळणारे सुमारे २० मिलिग्रॅम लोहही भक्षक पेशींत अडकते. कोठार भरलेले, पण कुलूप लागलेले!

चार दिवसांच्या तापात ही युक्ती हिताची असते. क्षयासारखा आजार रेंगाळला, की तीच रक्तक्षय घडवते. अशा मुलाचे हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही पुरेसे वाढत नाही आणि ‘हा गोळी फेकतो, भाजी खात नाही’ असा ठपका मात्र त्याच्यावर येतो. अपुरे विज्ञान येथे मुलावर अन्याय करते आणि आजारही लपवते.

२०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात जंतनाशक गोळी आहे, मलेरिया व सिकलसेल यांसारख्या कारणांचाही विचार आहे. फळ्यावर मात्र पालेभाजी आणि गोळी एवढेच उरते.

म्हणून शिक्षकांनी गोळी बंद करावी काय? मुळीच नाही. केवळ लोहाची कमतरता असेल तर हेप्सिडिन घटते, दरवाजे उघडे राहतात आणि गोळी लागू पडते. पण ज्याचे रक्त वाढत नाही त्याला रागावण्याआधी विचारावे, ‘बाळ, खोकला किती दिवसांचा? ताप येतो का?’ उत्तर दोन आठवड्यांपुढे गेले, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.