साक्ष ऐकली, पण पुढच्या महिन्याचं काय?

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये साक्षीचा एक ठरलेला साचा असतो. माणूस पुढे येतो. इतकी वर्षं बिडी ओढायचो, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्या दिवसापासून तलफच गेली, असं सांगतो. या साक्षी खोट्या असतात असं मला म्हणायचं नाही. सांगणारा मनापासूनच सांगतो. मला तपासायचं आहे ते वेगळंच: या साच्यातून ऐकणाऱ्याला बिडी सोडायला खरंच मदत होते का? आणि श्रद्धेचा उपयोग होत असेल तर तो नेमका कुठे होतो?

आधी थोडा इतिहास, कारण हा विषय हिंगोलीपासून लांबचा नाही. शेजारच्या वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरेन चर्चच्या मिशनने १९३० च्या दशकात उभं केलं. सभासदाने तंबाखूपासून दूर राहावं हा या चर्चच्या आचारनियमांचाच भाग आहे. १८८२ साली मुंबईत आलेल्या साल्व्हेशन आर्मीचे, म्हणजे मुक्तिफौजेचे, सैनिकही दारू-तंबाखू न घेण्याची प्रतिज्ञा करतात. पुण्यात ज्यांचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट लोकही तंबाखू वर्ज्य मानतात. गंमत बघा, सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल यांचा गाजलेला अभ्यास १९५० चा. म्हणजे नियम आधी आला आणि पुरावा मागून. पुढे वाइंडर आणि लेमन यांनी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातले ॲडव्हेंटिस्ट तपासले, तर त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर खूपच कमी आढळला.

पण हा पुरावा कशाचा? न ओढण्याचा. नियम माणसाला सुरुवात करू देत नाही, हे खरं. ज्याने आधीच सुरुवात केलीय त्याला तो बाहेर कसा काढतो, हा प्रश्न वेगळा आहे, आणि साक्षीत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून जातात.

आता आकड्यांकडे येऊ. ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, की कसलीही मदत न घेता सिगारेट सोडणाऱ्यांपैकी सहा ते बारा महिन्यांनंतर किती जण टिकतात. उत्तर आलं शंभरात तीन ते पाच. परत ओढायला लागणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच परत लागतात. हा हिशेब मंडळीला लावून बघा. शंभर जणांनी बिडी सोडायचं ठरवलं, तर प्रार्थना झाली नाही तरी तीन-पाच जण सुटतीलच. साक्ष द्यायला पुढे येणार ते हेच. उरलेले पंच्याण्णव मागच्या बाकावर गप्प बसणार. आपण सुटलेल्यांचे शब्द ऐकतो आणि न सुटलेल्यांची संख्या मोजतच नाही.

माझा मुख्य आक्षेप या गप्प बसण्यावर आहे. शरीरातलं निकोटीन कमी झालं की चिडचिड, झोप न लागणं, अस्वस्थपणा सुरू होतो. पहिल्या आठवड्यात हा त्रास सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवडे रेंगाळतो. हे शरीराचं काम आहे, त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. पण ‘एका प्रार्थनेत तलफ गेली’ असं ऐकलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी तलफ आली, तर तो काय समजणार? आपला विश्वासच कमी पडला. मग तो लपून ओढतो, लाज वाटते म्हणून रविवारी उपासनेला येणं टाळतो, आणि जिथे आधार मिळू शकला असता तीच जागा त्याच्या हातून जाते.

श्रद्धेचा याहून बरा वापर करणारा एक कार्यक्रम ॲडव्हेंटिस्टांनीच तयार केला. १९६० च्या सुमारास डॉ. मॅकफार्लंड आणि पाळक फोकनबर्ग या जोडीने धूम्रपान सोडण्याची ‘पाच दिवसांची योजना’ आणली. ओळीने पाच संध्याकाळी गटाने जमायचं. भरपूर पाणी आणि फळांचा रस प्यायचा, चहा-कॉफी-दारू टाळायची, जेवणानंतर खुर्चीत न बसता चालायला जायचं, तलफ आली की खोल श्वास घ्यायचा, जोडीदाराशी बोलायचं. त्यासोबत देवाकडे मदत मागायची. मला यातली एक गोष्ट आवडते. इथे प्रार्थना तलफ गायब करण्यासाठी नाही, ती काही मिनिटं काढण्यासाठी आहे. एकेक तलफ काही मिनिटांतच ओसरते, त्यामुळे हे जीवशास्त्राला धरूनच आहे. उणीव मात्र नावातच दिसते. त्रास दोन ते चार आठवड्यांचा, आणि योजना पाच दिवसांची! सहाव्या दिवशी माणूस पुन्हा एकटा.

आणखी एक अभ्यास माझ्या मते प्रत्येक पाळकाने वाचावा असा आहे. व्हूरहीस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ईस्ट बाल्टिमोरमधल्या २२ चर्चेसमध्ये तो केला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही चर्चेसना फक्त साधं माहितीचं साहित्य दिलं. बाकीच्या चर्चेसमध्ये प्रवचनातून विषय मांडला, मंडळीतल्याच लोकांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं, आणि सोडण्याच्या प्रक्रियेतून जात असलेल्या माणसांच्या साक्षी ठेवल्या. जे अजून झगडतायत त्यांच्या साक्षी! या चर्चेसमधले लोक सोडण्याच्या तयारीत जास्त पुढे सरकले. अर्थात तयारी म्हणजे सुटका नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं.

कोनिग यांचा १९९८ चा अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. नॉर्थ कॅरोलायनातले जे वृद्ध नियमित चर्चला जात, प्रार्थना करत, ते कमी ओढत. टीव्ही-रेडिओवरचे धार्मिक कार्यक्रम बघणाऱ्या-ऐकणाऱ्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. हा फक्त सहसंबंध आहे, कारण सिद्ध होत नाही. तरी मोबाइलवर सुटकेची प्रार्थना लावून बसणाऱ्याने यावर विचार करावा.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. त्यामुळे बिडी सुटली आणि चुना-तंबाखूचा बार सुरू झाला, तर तिला सुटका म्हणता येणार नाही. निकोटीन तेच, फक्त धूर गेला. साक्षीत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मग करायचं काय? साक्षी बंद करू नका, त्यांची वेळ बदला. तिसऱ्या दिवशी, तिसाव्या दिवशी, आणि पुन्हा ओढल्याच्या दुसऱ्या दिवशीही माणसाला बोलू द्या. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, तरी त्याला काम परत मिळालंच. ही गोष्ट मंडळीला नव्याने शिकवायची गरज नाही. लूक वैद्य होता, तेव्हा डॉक्टरला विचारून निकोटीनचा च्युइंगम घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. १८००-११२-३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन आहे, तिचा नंबर उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये वाचायला अर्धा मिनिट लागतो. आणि मागच्या बाकावरचा कुणी दोन रविवार दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन या. बिडीचं तिथे गेल्यागेल्या विचारू नका.