प्रात्यक्षिक पुस्तकातील मोजपात्रे

रसायनशास्त्राच्या बहुतेक प्रात्यक्षिक पुस्तकांत आरंभी एक चित्र असते. चंचुपात्र, मोजपात्र, ब्युरेट, पिपेट सारी एका ओळीत, आणि खाली एकच वाक्य : 'द्रव मोजण्यासाठी उपयोग'. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. चंचुपात्रावरच्या रेघा केवळ अंदाजासाठी असतात, हे मुलांना सांगायचे कोणी?

आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घेऊ. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूरकडच्या एखाद्या विहिरीच्या पाण्यातले क्लोराइड मुलांना काढायचे आहे असे समजा. पुस्तक म्हणते, ५० मिलि पाणी घ्या. कशाने, ते सांगत नाही. मुलगा साहजिकच मोजपात्र उचलतो. त्याची खूण बहुधा आत मावणाऱ्या द्रवाची असते. ओतताना थोडे पाणी भिंतींना चिकटून राहते. शिवाय साध्या मोजपात्रात १ मिलिपर्यंतचा फरक मान्य असतो. पिपेटची खूण मात्र बाहेर पडणाऱ्या द्रवाची असते. म्हणूनच टोकात उरलेला थेंब फुंकायचा नसतो. 'फुंकू नका' एवढे पुस्तके बजावतात, पण कारण देत नाहीत!

०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट वापरले तर ब्युरेटमधला १ मिलि म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोराइड. पाण्यात खरोखर २५३ मिलिग्रॅम असतील आणि मोजपात्रातून ४९ मिलिच पडले, तर उत्तर येते २४८. पिण्याच्या पाण्याची स्वीकारार्ह मर्यादा आहे २५० (दुसरा स्रोत नसल्यास १०००). या रेषेवर पाणी एकाएकी खारट होत नाही हे खरे. पण अहवालात विहीर 'मर्यादेत' बसली.

परीक्षक म्हणून मी ज्या वह्या पाहिल्या, त्यांत २४.८, २४.८, २४.८ अशी तीन वाचने सर्रास असत. एक थेंब साधारण ०.०५ मिलिचा. तिन्ही वेळा तेच वाचन क्वचित येईलही, वर्गातल्या प्रत्येकाला नाही. मुलांना दोष कसा द्यावा? पुस्तकातला नमुना तक्ताच तसा छापलेला असतो.

पिपेटवर कोरलेल्या तापमानाबद्दलही ही पुस्तके गप्प आहेत. भारतीय मानकाच्या पात्रांवर ते २७° असते, परदेशी पात्रांवर बहुधा २०°. अकोल्यातल्या मार्चच्या दुपारी प्रयोगशाळा ३७° वर जाते. काच जेमतेम प्रसरण पावते, पाणी बरेच जास्त. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा मिळाला तर पडताळून पाहा. २५ मिलिच्या अचूक पिपेटमधून पडलेले शुद्ध पाणी २७° ला २४.८९ ग्रॅम भरते आणि ३७° ला २४.८१. तापमान टिपले नसेल, तर ही ०.०८ ग्रॅमची तूट बिचाऱ्या पिपेटच्या माथी बसते.