हिवाळी क्रीडाप्रकारांतील मानसिक प्रशिक्षण : दावे, पुरावे आणि मर्यादा

गोषवारा : गेल्या सुमारे पन्नास वर्षांत हिवाळी क्रीडाप्रकारांमध्ये मानसिक प्रशिक्षणाला, विशेषतः मानसचित्रणाला, महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. या प्रशिक्षणाच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या प्रमुख पुराव्यांची चिकित्सा प्रस्तुत निबंधात केली आहे. मानसिक प्रशिक्षण उपयुक्त आहे. परंतु त्याचा परिणाम मध्यम स्वरूपाचा असून तो प्रत्यक्ष सरावाची जागा घेऊ शकत नाही, असे या चिकित्सेतून दिसते. तसेच अपयशाचे आणि अपघाताचे खापर खेळाडूच्या मनावर फोडण्याची प्रवृत्ती शास्त्रीयदृष्ट्या निराधार आणि नैतिकदृष्ट्या घातक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मानसचित्रण, क्रीडामानसशास्त्र, स्कीइंग, ल्यूज, पुरावा, जबाबदारी.

प्रस्तावना

क्रीडाक्षेत्रात 'खेळ हा मनाचा असतो' हे विधान इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला सहसा वाटत नाही. महाविद्यालयीन क्रीडादिनाच्या भाषणांपासून ते ऑलिंपिक पदकविजेत्यांच्या मुलाखतींपर्यंत हे सूत्र सर्वत्र आढळते. या सूत्रात सत्याचा अंश निश्चित आहे. परंतु तो अंश किती, आणि त्यापुढे अतिशयोक्ती कोठून सुरू होते, हा प्रश्न शारीरिक शिक्षण, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही विद्याशाखांशी निगडित आहे. हिवाळी क्रीडाप्रकार हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सर्वांत सोयीचे क्षेत्र होय. कारण तेथे मानसिक प्रशिक्षणाची गरज खेळाच्या रचनेतूनच निर्माण झालेली आहे.

मानसचित्रणाची गरज का निर्माण झाली?

धावपटू एका दिवसात अनेक वेळा धावू शकतो. बॉबस्ले किंवा ल्यूजच्या खेळाडूला मात्र बर्फाच्या घळीवजा मार्गावरून दिवसाला अगदी मोजक्याच फेऱ्या करता येतात. त्या वेगात शरीरावर पडणारा ताण, मार्गाची मर्यादित उपलब्धता आणि अपघाताचा धोका यांमुळे सरावाची पुनरावृत्ती आपोआपच सीमित होते. स्लॅलम या प्रकारात तर अडचण याहून मोठी आहे. उतारावरील गेट्सची मांडणी प्रत्येक शर्यतीसाठी नव्याने केली जाते आणि दुसऱ्या फेरीसाठी ती पुन्हा बदलली जाते. स्पर्धकाला त्या मांडणीचे केवळ निरीक्षण करता येते. त्या गेट्समधून आधी स्की करून पाहण्याची मुभा त्याला नसते. म्हणजेच पहिला प्रत्यक्ष सराव हीच स्पर्धा असते.

अशा परिस्थितीत संपूर्ण मार्ग डोळे मिटून मनात पुन्हा पुन्हा पार करणे ही हौस राहत नाही, ती कामाची गरज बनते. शर्यतीपूर्वी वळणांनुसार हात हलवत, मान झुकवत उभे असलेले बॉबस्लेचालक हे दृश्य म्हणूनच सर्वपरिचित आहे. अमेरिकेची एरिअल्स स्कीपटू एमिली कुक हिची २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकसाठी निवड झाली होती. परंतु स्पर्धेच्या तोंडावर तिची दोन्ही पावले जायबंदी झाली. शरीर सरावाला असमर्थ असताना तिने मानसचित्रणाचा आधार घेतला आणि पुढे २००६, २०१० व २०१४ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतला. मनात अपघाताचे चित्र उमटले तर तो विचार एका फुग्यासारखा टाचणीने फोडल्याची कल्पना ती करीत असे, असे तिने स्वतः सांगितले आहे. यात केवळ यशाचे चित्र रंगवणे अभिप्रेत नाही. भीतीचे काय करायचे याचाही त्यात विचार आहे, ही बाब लक्षणीय आहे.

पुराव्यांची चिकित्सा

या क्षेत्रातील आद्य संशोधकांमध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड सूइन यांचे नाव घेतले जाते. शिथिलीकरण आणि मानसचित्रण यांची सांगड घालणारी पद्धत त्यांनी विकसित केली व कोलोरॅडोतील स्की शर्यतपटूंवर तिचा प्रयोग केला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्याची हकिकत उद्बोधक आहे. प्रशिक्षण दिलेला गट आणि न दिलेला गट यांची तुलना करण्याची योजना होती. तथापि, प्रशिक्षण घेतलेल्या खेळाडूंची प्रगती पाहून प्रशिक्षकाने शर्यतींसाठी त्यांचीच निवड केली आणि त्यामुळे तुलना अपुरी राहिली. हा प्रसंग पद्धतीच्या यशाची साक्ष म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्यातून एवढेच सिद्ध होते की प्रशिक्षकाची खात्री पटली होती. ज्या क्षणी नियंत्रित गट शर्यतीतून बाहेर राहिला, त्या क्षणी 'प्रशिक्षण नसते तर काय झाले असते' या प्रश्नाचे उत्तरही हातचे गेले.

सूइन यांनीच एका स्कीपटूच्या स्नायूंतील विद्युत्‌क्रिया तो मनात शर्यत पार करीत असताना नोंदवली. उतारावरील उड्या आणि खडबडीत भाग यांच्याशी जुळणारे चढउतार त्या आलेखात दिसले. कल्पना करताना स्नायूंमध्ये सूक्ष्म हालचाल होते, हे एडमंड जेकबसन यांनी १९३० च्या दशकातच दाखवून दिले होते. त्यामुळे हे निरीक्षण विश्वासार्ह वाटते. मात्र ते एका खेळाडूपुरते आहे. शिवाय स्नायू थरथरणे आणि शर्यत अधिक वेगाने पार होणे यांत पुष्कळ अंतर आहे.

दुसरा बहुचर्चित पुरावा टेरी ऑर्लिक आणि जॉन पार्टिंग्टन यांचा १९८८ मधील अभ्यास होय. १९८४ च्या सारायेव्हो व लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या कॅनडाच्या ७५ खेळाडूंच्या मुलाखती आणि १६० खेळाडूंची प्रश्नावली यांवर तो आधारलेला आहे. शारीरिक, तांत्रिक आणि मानसिक सज्जता या तिन्हींपैकी अंतिम क्रमवारीशी संख्याशास्त्रीय संबंध आढळला तो केवळ मानसिक सज्जतेचा. व्याख्यानांमधून हा निष्कर्ष आजही वापरला जातो. येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की सज्जतेचे हे मूल्यमापन खेळाडूंनी स्वतः आणि स्पर्धेनंतर केले होते. ज्याला पदक मिळाले त्याला आपली मनःस्थिती उत्तम होती असे आठवणे स्वाभाविक आहे. जो हरला त्याला तीच मनःस्थिती दोलायमान वाटू शकते. दुसरा असा की ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले सर्वच खेळाडू शारीरिक व तांत्रिक दृष्ट्या अत्यंत कसलेले असतात. त्या बाबतीत त्यांच्यात फरकच कमी असल्याने तिचा क्रमवारीशी संबंध दिसणे कठीण होते. यावरून शारीरिक तयारी गौण ठरत नाही.

प्रयोगशाळेतील अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष अधिक संयत आहेत. डेबोरा फेल्ट्झ आणि डॅनियल लँडर्स यांनी १९८३ मध्ये ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात मानसिक सरावाचा सरासरी परिणाम ०.४८, म्हणजे मध्यम स्वरूपाचा, आढळला; आणि तोही निव्वळ शारीरिक कृतींपेक्षा बौद्धिक अंग असलेल्या कृतींमध्ये अधिक होता. ड्रिस्केल, कॉपर आणि मोरन यांच्या १९९४ च्या विश्लेषणानुसार मानसिक सराव प्रभावी आहे, परंतु प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी. आणि काळ लोटतो तसा त्याचा प्रभाव ओसरत जातो. पॉल होम्स आणि डेव्हिड कॉलिन्स यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा भरही मानसचित्रण शक्य तितके प्रत्यक्ष परिस्थितीच्या जवळ नेण्यावर आहे : तोच पोशाख, तीच शरीरस्थिती, तीच गती, तीच भावना. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, ज्याने तो उतार कधी अनुभवलेलाच नाही त्याला त्याचे उपयुक्त चित्र मनात उभे करता येणे अवघड आहे. मानसचित्रण हे अनुभवाचे व्याज आहे. मुद्दल प्रत्यक्ष सरावाचेच असते.

मनाच्या बाजूचा युक्तिवाद

या मर्यादा मान्य करूनही मनाचा वाटा नाकारता येत नाही. अमेरिकेचा फिगर स्केटिंगपटू नेथन चेन २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत चुकांमुळे १७ व्या स्थानावर फेकला गेला. दुसऱ्याच दिवशी मुख्य फेरीत त्याने सर्वाधिक गुण मिळवले आणि एकूण पाचवे स्थान गाठले. एका रात्रीत कौशल्य किंवा स्नायुबल बदलत नसते. २०२२ मध्ये बीजिंग येथे त्याने सुवर्णपदक पटकावले. अशा उदाहरणांत मनःस्थितीचा प्रभाव मानणे वाजवी आहे.

तथापि, याच तर्काचा उलट वापर होतो तेव्हा अडचण निर्माण होते. मिकाएला शिफ्रिन ही बीजिंग ऑलिंपिकमध्ये सहा प्रकारांत उतरली आणि तीन प्रकारांत शर्यत पूर्ण करू शकली नाही. जायंट स्लॅलम व स्लॅलम या तिच्या हुकमी प्रकारांत ती सुरुवातीच्या काही गेट्सपाशीच बाद झाली. तिचे मन खचले, दडपणाखाली ती कोसळली, असे निदान सर्वत्र करण्यात आले. परंतु त्याच हंगामात, मार्च २०२२ मध्ये, तिने विश्वचषकाचे सर्वसाधारण विजेतेपद मिळवले; आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये विश्वचषकातील शंभरावी शर्यत जिंकली. मन दुबळे होते असे मानले, तर ते महिनाभरात बलवान कसे झाले याचे उत्तर द्यावे लागते. स्लॅलममध्ये सर्वाधिक वेग आणि अपघात यांतील अंतर अतिशय अल्प असते. जो स्पर्धक जिंकण्यासाठी उतरतो तो ती सीमा जवळ करतो आणि कधीतरी ओलांडतो. प्रत्येक चुकीमागे मनोदौर्बल्य शोधणे म्हणजे खेळाचे स्वरूपच न समजणे होय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये किलिंग्टन येथील शर्यतीत पडून शिफ्रिनच्या पोटाला खोल जखम झाली. पुनरागमनानंतर आघातोत्तर तणावाची लक्षणे आपल्याला जाणवत असल्याचे तिने जाहीरपणे सांगितले आणि फेब्रुवारी २०२५ च्या जागतिक स्पर्धेत जायंट स्लॅलममधून माघार घेतली. भीती ही येथे दोष नसून शरीराने दिलेला इशारा होता. तो इशारा दडपणे हे मानसिक प्रशिक्षणाचे उद्दिष्ट मानायचे, की तो ऐकण्याची क्षमता वाढवणे हे, या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षकांना द्यावेच लागेल.

जबाबदारीचा प्रश्न

१२ फेब्रुवारी २०१० रोजी, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा २१ वर्षीय ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली व्हिस्लर येथील मार्गावर सराव करताना मार्गाबाहेर फेकला जाऊन मृत्यू पावला. शेवटच्या वळणांत त्याने दिशा योग्य वेळी सावरली नाही. मार्गात दोष नव्हता, असे निवेदन अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी केले. तरीही अपघातस्थळाजवळची भिंत उंच करण्यात आली, बर्फाचा आकार बदलण्यात आला आणि पुरुषांच्या शर्यतीचा प्रारंभ खालच्या ठिकाणी हलवण्यात आला. यजमान कॅनडाच्या खेळाडूंना त्या मार्गावर परदेशी खेळाडूंपेक्षा कितीतरी अधिक फेऱ्या करता आल्या होत्या, यावरही टीका झाली.

व्हँकुव्हर येथे कॅनडाने १४ सुवर्णपदके जिंकली. १९७६ मधील माँट्रियल आणि १९८८ मधील कॅल्गरी या पूर्वीच्या दोन यजमानपदांत त्याला एकही सुवर्ण मिळाले नव्हते. या यशाच्या विवेचनात मानसिक तयारीचा उल्लेख होतो. परंतु निधी, तंत्रज्ञान, प्रशिक्षक, घरच्या मार्गावरील सराव आणि मानसिक प्रशिक्षण हे सर्व एकाच वेळी पुरवले गेले असता त्यांतील एकालाच श्रेय देता येत नाही. विजेत्याच्या मनाचे गुणगान आणि मृताच्या चुकीची नोंद या दोहोंमध्ये एक समान गोष्ट आहे. दोन्ही ठिकाणी व्यवस्था दृष्टिआड होते.

भारतीय संदर्भात ही बाब अधिक ठळकपणे जाणवते. मनालीचा शिव केशवन १९९८ मध्ये नागानो येथे वयाच्या १६ व्या वर्षी ल्यूजमध्ये उतरला आणि २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. देशात कृत्रिम बर्फाचा मार्ग नसल्याने हिमालयातील डांबरी रस्त्यांवर, वाहनांच्या वर्दळीतून, चाके लावलेल्या स्लेजवर तो सराव करीत असे. २०१४ मध्ये सोची येथील सरावात स्लेजवरून पडल्यावर धावत्या अवस्थेतच तो पुन्हा तिच्यावर आरूढ झाला. त्याच्या मनोधैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आशियाई अजिंक्यपद मिळवूनही त्याला ऑलिंपिकमध्ये पहिल्या फळीत पोहोचता आले नाही. त्याचे कारण त्याच्या मनात शोधणे हे अन्यायाचे ठरेल. गुलमर्गचा आरिफ खान बीजिंग येथे भारताचा एकमेव प्रतिनिधी होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. त्याच्या या क्रमांकाचा अर्थही प्रशिक्षणाच्या साधनसामग्रीचा विचार केल्याशिवाय लावता येत नाही.

समारोप

मनाच्या साधनेची परंपरा असलेल्या समाजाला मानसिक प्रशिक्षणाची कल्पना परकी वाटत नाही. म्हणूनच तिची चिकित्सा करण्याची जबाबदारीही अधिक आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ पासून योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी मोजण्याचा आग्रह धरला. श्रद्धेच्या विषयालाही मोजमापाची कसोटी लावता येते, हा त्या कार्याचा धडा येथे मार्गदर्शक ठरावा.

मानसचित्रण, श्वसननियमन आणि स्वसंवाद ही उपयुक्त साधने आहेत. ज्या खेळांत प्रत्यक्ष सराव अपुरा पडतो तेथे ती अधिक उपयुक्त आहेत. परंतु त्यांचा परिणाम मर्यादित आहे आणि अनुभव, सुविधा व सुरक्षितता यांवर तो अवलंबून आहे. शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना ही तंत्रे अवश्य शिकवावीत. मात्र पराभूत विद्यार्थ्याला 'तुझे मन कच्चे आहे' असे सांगण्यापूर्वी त्याला सरावासाठी मैदान किती मिळाले होते, हे आधी विचारावे.