जनुक-प्रवर्धनाचे गणिती प्रारूप : एक चिकित्सा

प्रस्तावना : मारेक किमेल व डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉड यांचा ‘ब्रँचिंग प्रोसेसेस इन बायॉलॉजी’ हा ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात त्यातील जनुक-प्रवर्धनाच्या प्रारूपाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारूपाचे स्वरूप : मेथोट्रेक्सेट या कर्करोगविरोधी औषधाला दाद न देणाऱ्या पेशींत डायहायड्रोफोलेट रिडक्टेजच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, हे रॉबर्ट शिम्के यांच्या गटाने १९७८ मध्ये दाखवून दिले. या प्रती गुणसूत्राबाहेर असल्यास त्यांना सेंट्रोमिअर नसतो. त्यामुळे पेशीविभाजनात त्यांची वाटणी असमान होते. ग्रंथकारांनी ही वाटणी शाखा-प्रक्रियेच्या रूपात मांडली आहे. प्रत्येक पिढीत प्रती वाढण्याची व घटण्याची संभाव्यता ठरलेली असते आणि सर्व प्रती गमावलेल्या पेशीला परतीची वाट नसते. वाढीपेक्षा घट अधिक संभाव्य असली, तरी प्रती टिकवून असलेल्या पेशींत त्यांचे वितरण स्थिरावते. औषधाच्या दबावाखाली टिकणारा प्रतिकार औषध काढताच का ओसरतो, याचा उलगडा एवढ्या मोजक्या गृहीतकांतून होतो, हे या प्रारूपाचे खरे बळ होय.

मर्यादा : मात्र प्रारूपाच्या मूलभूत रूपात प्रतींच्या संख्येनुसार विभाजनाचा वेग बदलत नाही. अतिरिक्त प्रतींचा भार वाहणाऱ्या पेशी सावकाश वाढत असतील, तर एकही प्रत न गमावता त्यांचे प्रमाण घटेल आणि आलेख तसाच उतरता दिसेल. पहिल्या स्थितीत पेशी औषधाला पुन्हा वश होतात. दुसऱ्या स्थितीत प्रतिकार अल्पसंख्य पेशींत दडून राहतो. तेच औषध रुग्णाला पुन्हा द्यावे काय, हा प्रश्न या भेदाशी निगडित आहे. प्रती गुणसूत्रातच सामावल्या असतील, तर औषध थांबवूनही प्रतिकार बराच काळ टिकू शकतो.

पुनरावृत्त डीएनएच्या बाबतीत ही मर्यादा अधिक ठळक होते. हंटिंग्टन आजारात सीएजी या त्रिकाची पुनरावृत्ती बहुधा ४० किंवा त्याहून अधिक असते. विभाजन थांबलेल्या चेतापेशींतही ती लांबत जाते. तेथे पिढ्यांनी काळ मोजणारे प्रारूप अपुरे पडते. डीएनए-दुरुस्तीच्या प्रक्रियेलाच गणितात स्थान द्यावे लागते.

निष्कर्ष : आलेख जुळला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे होत नाही. प्रतींची संख्या, त्यांचे स्थान व पेशींचा वाढीचा वेग यांचे स्वतंत्र मापन झाल्यावरच अशा प्रारूपाच्या आधारे उपचाराविषयी बोलणे उचित ठरेल.