कालव आणि पाठमोरें घड्याळ

उपयुक्त वस्तूला शोभा येते ती कोठून, या प्रश्नाची चर्चा आमचे टीकाकार देवळें, पुतळे आणि काव्यें यांच्या आधारें करतात. मनगटावरच्या घड्याळाची साक्ष सहसा कोणी काढीत नाहीं. वास्तविक, खेळाडूंसाठीं निघालेलीं आणि पुढें श्रीमंतांचा अलंकार होऊन बसलेलीं स्विस घड्याळें या कामीं मोठीं मासलेवाईक आहेत. त्यांपैकीं दोन आम्ही येथें तुलनेस घेतों : रोलेक्सचें 'ऑयस्टर' (१९२६) व जेगर-लकूल्त्रचें 'रिव्हर्सो' (१९३१).

दोहोंपुढील अडचण एकच होती. घड्याळ खिशांतून मनगटावर आलें आणि धूळ, पाणी व धक्के यांच्या तावडींत सांपडलें. ऑयस्टर म्हणजे कालव. युक्ति नांवांतच सांगितलेली आहे. मागचें झांकण, कांचेभोवतीचें कडें आणि किल्ली हीं तिन्ही आट्यांवर घट्ट पिळून कवच बंद करावयाचें. मर्सिडीज ग्लाइट्झ ही बाई १९२७ च्या ऑक्टोबरांत इंग्लिश खाडी पोहून गेली. तिच्या पराक्रमाविषयीं संशय घेतला गेला, म्हणून त्याच महिन्यांत ती पुन्हां पाण्यांत उतरली, तेव्हां तिच्या गळ्यांत हें घड्याळ होतें. दहा तासांवर पोहून थंडीपुढें तिनें हार खाल्ली; घड्याळ मात्र चालत राहिलें. नोव्हेंबरांत रोलेक्सचे हान्स विल्सडॉर्फ यांनीं 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर त्याची दवंडी पिटली. शौर्य बाईचें आणि श्रेय घड्याळाचें, ही वांटणी आम्हांस किंचित् निर्दय वाटते.

रिव्हर्सोचें मूळ आमच्याच देशांत आहे. पोलो हा खेळ इंग्रजांनीं मणिपुरांत उचलला आणि छावणीछावणींत नेला. त्या धामधुमींत घड्याळांच्या कांचा फुटतात, अशी हिंदुस्थानांतील लष्करी अंमलदारांची तक्रार सेझार द त्रे या स्विस व्यापाऱ्याच्या कानीं आली, असें कारखान्याची परंपरा सांगते. मग रने-आल्फ्रेद शोव्हो यानें १९३१ च्या मार्चांत पॅरिस येथें पेटंटाचा अर्ज केला. आयताकृति कवच आपल्या बैठकींत सरकतें, कुशीवर वळतें आणि पालथें होऊन बसतें. कांच मनगटाकडे, धातूची पाठ जगाकडे!

खेळाचें साधन या नात्यानें निवाडा सोपा आहे. पालथ्या घड्याळांत वेळ दिसत नाहीं, आणि पाणी कांहीं पाठ पाहून माघारें फिरत नाहीं. ऑयस्टर निःसंशय सरस. शिवाय १९३१ सालींच हाताच्या हालचालीनें आपोआप चावी बसण्याची सोय त्यांत झाली, त्यामुळें रोज किल्ली उघडण्याचेंही कारण उरलें नाहीं.

परंतु शोभेचा प्रश्न येतांच पारडें फिरतें. ऑयस्टरच्या कड्यावरील बारीक पन्हळी मूळच्या हत्याराला पकड मिळावी म्हणून होत्या. ती गरज संपली. पन्हळी राहिल्या, आणि आतां त्या सोन्यांत घडवून मिरविल्या जातात. घोडा गेल्यावर रिकीब सोन्यानें मढवून दिवाणखान्यांत टांगावी, तसा हा प्रकार आहे. रिव्हर्सोची कोरी पाठ म्हणजे निव्वळ ढाल. तिच्यावर मालकांनीं नांवें व कुलचिन्हें कोरून घेतलीं; १९३६ च्या एका घड्याळावर तर भारतीय स्त्रीचें मीनाकामांतील चित्र आहे. हा अलंकार गरजेनें मोकळ्या ठेवलेल्या जागेंत आलेला आहे, आणि कवच जोंवर वळतें आहे तोंवर ती जागा खरी आहे. तबकडीच्या वर-खालीं तीन तीन सरळ रेघा, एवढाच काय तो बाकीचा साज.

रिव्हर्सो घालून आज पोलो कोण खेळतो, असें कोणी विचारील. कोणी नसेलही, ऑयस्टर घालून खाडी पोहणारे तरी कितीसे आहेत? दुसऱ्या महायुद्धानंतर रिव्हर्सोची मागणी आटली होती. १९७२ सालीं इटलींतील एका व्यापाऱ्यानें कारखान्यांत पडून राहिलेलीं दोनशे कवचें विकत घेतलीं, त्यांत यंत्रें बसविलीं, आणि तीं घड्याळें हातोहात खपलीं. त्या गिऱ्हाइकांना पोलोशीं काय कर्तव्य असावें! त्यांना तें कवच बोटानें सरकवून पालथें करून पाहावयाचें होतें.