निखात निधि, बुडालेलीं जहाजें आणि कायद्याची दृष्टि

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे घांटावरचे. समुद्रांत बुडालेल्या द्रव्याचा शोध व त्यासंबंधींचे कायदे यांचा विचार येथील संग्राहकांनीं कां करावा, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर वाईजवळ मेणवलीस टांगलेलें आहे. नाना फडणिसांच्या वाड्यामागील घाटावर जी मोठी घंटा आहे, तिजवर बालयेशूसह मेरीची आकृति व १७०७ हा सन आहे. चिमाजी आप्पांनीं १७३९ त वसई घेतली, तेव्हां हातीं आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकीं ही एक होय, असें मानितात. तराजूंत घातली तर ती कांहीं मण धातु. परंतु तिजवरील सन व तिचें ठिकाण यांची फारकत झाली नाहीं, म्हणूनच ती किनाऱ्यावरील त्या मोहिमेची साक्ष देऊं शकते.

आतां कायदा या फारकतीकडे कसा पाहतो तें पाहूं. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानें, दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधि सांपडल्यास तो काय व किती, कोठें व केव्हां सांपडला, हें कलेक्टरास लेखी कळविणें सांपडविणारावर बंधनकारक केलें. ‘कोठें’ हा प्रश्न विचारल्याबद्दल त्या जुन्या कायद्याचे आभार मानले पाहिजेत. पण पुढील कलमांत त्याची खरी दृष्टि उघडी पडते. निधि बेवारशी ठरला आणि दोघांत निराळा करार नसला, तर तीन हिस्से सांपडविणारास व एक हिस्सा जागेच्या मालकास. आणि सरकारास तो हवा असेल तर धातूची किंमत व तिचा एकपंचमांश वर द्यावा! म्हणजे इतिहासाचें मोल सोन्याच्या एकपंचमांश ठरलें. अशा हिशेबांत नाणीं आटविणाऱ्या सोनाराचा मोह कमी कसा व्हावा?

शिवाय या कायद्याची व्याख्या भूमींत किंवा भूमीस जोडलेल्या वस्तूंत दडलेल्या मालाची आहे. वादळांत वा लढाईंत बुडालेलें जहाज कोणी दडविलेलें नसतें. तें त्या व्याख्येंत बसवावयाचें म्हणजे शब्दांची ओढाताण होते. १९५८ च्या व्यापारी नौकानयनाच्या कायद्यानें फुटक्या जहाजाच्या मालाची व्यवस्था लाविली खरी, पण ती मालमत्ता म्हणून. मालकास हक्क शाबीत करण्यास एक वर्षाची मुदत दिली कीं त्याची जिज्ञासा संपली. गोव्याच्या समुद्रांत सुंची खडकापाशीं सतराव्या शतकांतील जहाजाचे अवशेष मिळाले; त्यांतील हस्तिदंत व पाणघोड्याचे दांत बाजारांत सुटे विकले गेले असते तर आफ्रिकेशीं चाललेल्या व्यापाराचा हा धागा कोणाच्या हातीं लागता? युनेस्कोच्या २००१ च्या करारानें शंभर वर्षें पाण्याखालीं राहिलेल्या अवशेषांचा व्यापार निषिद्ध मानिला व ते शक्यतों जागींच राखावे असें ठरविलें, तें याच कारणें.

१९७२ चा पुरावस्तु व कलानिधि कायदा अधिक विचारी आहे. त्यानें वस्तूस शंभर व हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षांची मर्यादा घातली, आणि खासगी व्यक्तीस निर्यात बंद केली. मात्र नोंदणीची सक्ती ज्या वर्गांस लागू झाली त्यांत हस्तलिखितें आलीं तीं सचित्र. मोडींतील रुमाल, ज्यांत चित्र नाहीं पण राज्य आहे, ते नोंदणीबाहेर राहिले. आमचे मतें या कायद्याचें मोठें न्यून हेंच.

हें न्यून समुद्रासही भोंवतें. फेब्रुवारी १७५६ त वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गावर मारा केला, त्या वेळीं तुळाजी आंग्र्याचें आरमार बंदरांतच जळालें. त्या गाळांतून उद्यां एखादी तोफ वर आली, तर ती कोणत्या गलबताची हें ती स्वतः सांगणार नाहीं, कागद सांगतील. कान्होजीचा शाहू महाराजांशीं समेट झाल्यापासून आंग्र्यांचा संबंध सातारच्या गादीशीं होता. शाहू दप्तर आज पुण्यास आहे. वाईस मिळालेल्या कागदांवरून राजवाड्यांनीं १८९८ त साधनांचा पहिला खंड काढिला. मिरजेस वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनी दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह उभा केला. पारसनिसांचा सातारचा संग्रह १९३९ त डेक्कन कॉलेजांत गेला. हे कागद वाचले ते कायद्यानें नव्हे. कागद कोणत्या घरचा, कोणत्या रुमालांतला, हें टिपून ठेवणारीं माणसें होतीं म्हणून.

आज मोडी कागद सुटे विकले जातात. विकणारा पुष्कळदां घराचें नांव मुद्दाम लपवितो, आणि घेणाराही विचारीत नाहीं. अक्षर व शिक्का पाहून किंमत ठरते, रुमाल फुटतो. समुद्रांतील तोफ उपटून भंगारांत घालणारा पाणबुड्या व हा गिऱ्हाईक यांत आम्हांस अंतर दिसत नाहीं, आणि पहिल्यास निदान विजयदुर्गच्या खाडींत श्वास कोंडून उतरावें लागतें.