संगम म्हणं! कुणाचा?

गोव्यावर कुणीही लिहायला बसलं की पहिल्याच पानावर 'संगम' येतो. पूर्व-पश्चिमेचा संगम, दोन संस्कृतींचा मिलाफ. वाचायला बरं वाटतं. माझा प्रश्न साधा आहे. या संगमात भिजलं काय, नि कोरडं राहिलं काय?

भिजलं ते आपल्या तोंडातच आहे. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, तुरुंग हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. मिरची, काजू, अननस ही अमेरिकेतल्या मूळ माणसांची पिकं, स्पॅनिश-पोर्तुगीज गलबतांतून जगभर गेली. गिरणीवाल्याच्या डब्यातल्या ठेच्याचं मूळ मेक्सिकोच्या मातीत आहे. तेव्हा मिसळण झालीच नाही असं कोण म्हणंल?

पण जात? 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. देव बदलले, नावं बदलली. 1560 साली इन्क्विझिशन आलं नि जुने विधी हुडकून हुडकून माणसांना शिक्षा झाल्या. जातीला मात्र कुणी धक्का लावला नाही. बामण ख्रिस्ती होऊन 'बामोण' राहिला, क्षत्रिय 'चारडो', शूद्र 'सुदिर'. महार-चांभार क्रूस घालूनही तळालाच. चर्चमधले मानाचे संघ जातीनं वाटलेले. गावकीच्या जमिनीचा हक्क गावकारांच्या वंशात. इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'कास्ता'वरनं आला. त्यांनी जात पाह्यली, तिला नाव दिलं, नि सांभाळून ठेवली.

आता 'ख्रिस्तपुराण' घ्या. फादर स्टीफन्स हा इंग्रज 1579 साली गोव्यात आला. 1616 साली त्याचं हे जवळपास 11 हजार ओव्यांचं पुराण रोमन लिपीत छापलं गेलं. त्यातली मराठीची स्तुती आमचे विद्वान उठताबसता सांगतात. परक्या माणसानं आपली भाषा एवढी कमावली, ही मोठीच गोष्ट. मलाही त्याची ओवी आवडते. पण ही ओवी पुराण सांगणाऱ्या-ऐकणाऱ्यांची आहे. देव बदलला, पोथी बदलली, बैठक तीच राह्यली. त्या बैठकीबाहेर उभा असलेला ख्रिस्ती महार कसा बोलत होता, हे या ग्रंथात सापडत नाही.

ते बोलणं शोधायचं तर रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला जावं. मराठी नि पोर्तुगीज एकमेकांत मुरून तिथं तिसरीच बोली झाली. लोक तिला 'नॉ लिंग', म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. 1740 साली पोर्तुगीजांनी चौल सोडलं, बोली राह्यली. अभ्यासक सांगतात, ही माणसं मूळची खालच्या जातींतली. जातीमुळे एकीकडून तुटलेली, धर्मामुळे दुसरीकडून. खरी मिसळण या तुटलेल्यांनी केली. संगमाचं कौतुक करणाऱ्यांच्या पुस्तकात त्यांना पान नाही.

मेक्सिकोची गोष्ट अशीच आहे. 1521 साली स्पॅनिशांनी तेनोच्तित्लान पाडलं. चारशे वर्षांनी, 1925 साली, वास्कोन्सेलोस या लेखकानं मिश्र वंशाचा गौरवग्रंथ लिहिला नि मिश्रण हा राष्ट्राचा अभिमान ठरला. मूळ माणसं मात्र जमिनीवाचून राहिली. 1 जानेवारी 1994 ला चियापासमधल्या इंडियनांनी बंदुका उचलल्या. अभिमानाच्या ग्रंथानं पोट भरत नाही.

आपलं पुणं तरी काय वेगळं? क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च 1792 सालचं. पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी खुद्द पेशव्यानं जागा दिली. याला सहिष्णुता म्हणतात. बाबासाहेबांना 1936 साली जे भाषण करू दिलं नाही, त्यात याच पेशवाईतल्या पुण्याची दुसरी बाजू आहे : अस्पृश्याच्या कमरेला झाडू, गळ्यात मडकं. परमुलखातल्या देवाला जागा मिळाली. इथल्या माणसाच्या थुंकीला मिळाली नाही.

आणि हे जुनं म्हणून सोडता येत नाही. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती धर्माला बांधल्या. 1956 साली शिखांना, 1990 साली बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती दलिताला अजून नाहीत. म्हणं, तुमच्या धर्मात जात नसते. स्मशानातल्या वेगळ्या भिंतीला हे कुणी सांगायचं?

म्हणून माझं समीक्षकांना एवढंच सांगणं. संगमावर लिहा, खुशाल लिहा. पण पाणी कुणी भरलं, नि पाणवठ्यावर कुणाला येऊ दिलं नाही, ते आधी लिहा. मग ओवीचं कौतुक करू. आपण मिळून करू.